वरच्या मजल्यावर खतावणी पोहोचत नाही तेव्हा

महिन्याची १९ तारीख होती आणि सायंकाळचे सात वाजून गेले होते. जीएसटीचे मासिक विवरणपत्र, ज्याला आपण व्यापारी मंडळी नुसते ‘थ्री-बी’ म्हणतो, ते भरण्याची अखेरची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. आमची हळदीची अडत सांगलीत आहे; पेढी खाली आणि बिऱ्हाड वर. खालच्या संगणकावर हिशोबाचा प्रोग्राम, पट्ट्या, खरेदी-विक्रीची बिले आणि येण्या-देण्याची खतावणी असते. वरच्या मजल्यावर माझा लॅपटॉप असतो आणि गेली सहा वर्षे विवरणपत्रे मी त्यावरून भरते. खालचे फोल्डर वर उघडावे, आकडे ताडून पाहावेत आणि विवरणपत्र भरून मोकळे व्हावे, असा शिरस्ता. त्या दिवशी मात्र फोल्डर उघडू जाताच पडद्यावर इंग्रजीत उमटले की नेटवर्कचा मार्ग सापडत नाही.

“खाली येऊनच बस ना,” असे यजमान म्हणाले. ते शक्य नव्हते. त्या दिवशी सौदे मोठे झाले होते आणि अण्णा, म्हणजे माझे सासरे, त्याच संगणकावर शेतकऱ्यांच्या पट्ट्या करीत बसले होते. पट्टी झाल्याखेरीज शेतकऱ्याचा पैसा सुटत नाही. शिवाय वयाच्या ७४ व्या वर्षी एका बोटाने टंकणाऱ्या माणसाला मध्येच उठवणे मला प्रशस्त वाटले नाही.

आपल्या समाजातील बहुतेक घरांत आज थोड्याफार फरकाने हीच रचना आहे. दुकानात एक संगणक, घरात एक-दोन लॅपटॉप, मुलांचा एखादा, आणि या सर्वांना जोडणारे एकच वायफाय. जोवर फोल्डर उघडते तोवर ही सोय आपल्या लक्षातही येत नाही. ज्या दिवशी ते उघडत नाही त्या दिवशी घरातील प्रत्येकजण तज्ज्ञ होतो. त्या रात्री मला जे करावे लागले आणि त्यातून जो क्रम हाती लागला, तो सविस्तर सांगावा म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. व्हॉट्सॲपने किंवा पेन ड्राइव्हने फाइल पाठवणे निराळे आणि फोल्डर सामाईक करणे निराळे. पाठवलेल्या फाइलची दुसरी प्रत होते. मग खालची खरी की वरची खरी, हा वाद सुरू होतो. आमच्याकडे एका वर्षी एकाच व्यापाऱ्याच्या नावे दोन निरनिराळ्या बाक्या निघाल्या होत्या, त्या याच कारणाने. सामाईक फोल्डरात वही जागची हलत नाही. ती खालीच राहते, आपण वरून तिचे पान उघडतो आणि तिच्यातच लिहितो. या सोयीमागील संकेतपद्धतीला एसएमबी म्हणतात. आयबीएम कंपनीत बॅरी फायगेनबॉम यांनी १९८० च्या दशकाच्या प्रारंभी तिचा पाया घातला आणि पुढे मायक्रोसॉफ्टने ती वाढवली. विंडोजमधील सामाईक फोल्डरचा आजही तोच आधार आहे.

माझी तक्रार ऐकून पुतण्या धावत आला. तो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात आहे. “काकू, फायरवॉल बंद करूया आणि फोल्डरला ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’ देऊया, दोन मिनिटांचं काम,” तो म्हणाला. मी नको म्हणाले, आणि का म्हणाले हे त्यालाही ठाऊक होते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही नेमके हेच केले होते. सर्वांना सर्व अधिकार, कोणासही पासवर्ड नाही. एके दिवशी हाच पुतण्या आपल्या संगणकावर जागा मोकळी करीत होता. ‘उधारी जुनी’ असे नाव दिसले. जुनी म्हणजे नको असलेली, असे समजून त्याने ते फोल्डर पुसून टाकले. ते त्याच्या संगणकावरचे नव्हतेच, खालच्या पेढीवरचे होते. येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : आपल्या संगणकावरील फाइल पुसली तर ती कचरापेटीत जाते आणि परत काढता येते; परंतु जाळ्यावरून दुसऱ्या संगणकावरील फाइल पुसली तर ती कोणाच्याही कचरापेटीत न जाता थेट नाहीशी होते. आमची शेवटची राखीव प्रत ११ दिवसांपूर्वीची होती. त्या ११ दिवसांची उधारी अण्णांच्या कच्च्या वहीतून मी आणि जाऊबाईंनी दोन रात्री जागून पुन्हा चढवली. अण्णा संगणक वापरू लागले तरी त्यांनी कच्ची वही सोडली नव्हती, म्हणून निभावले. त्या वेळी आम्ही पुतण्याला रागे भरलो आणि दार मात्र उघडेच ठेवले. दोष मुलाचा जेवढा, त्याहून अधिक आम्हा थोरांचा होता.

म्हणून या वेळी ठरवले की जे बिघडले असेल तेवढेच शोधायचे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदललेली प्रत्येक गोष्ट कागदावर लिहून ठेवायची. वैतागाच्या भरात दहा ठिकाणी दहा बदल केले, तर फोल्डर कदाचित उघडते. पण कशामुळे उघडले ते कळत नाही आणि त्यांतले नऊ बदल धोका म्हणून मागे उरतात.

संगणकाचा नकार नेहमी एकाच प्रकारचा नसतो, ही पहिली खूण. ‘मार्ग सापडत नाही’ असा संदेश आला तर आपली हाक समोरच्या यंत्रापर्यंत पोहोचलेलीच नाही. ‘नाव किंवा पासवर्ड चुकला’ असा आला तर हाक पोहोचली, पण आपली ओळख पटली नाही. ‘प्रवेश नाकारला’ असा आला तर बहुधा ओळखही पटली, मात्र त्या फोल्डरवर आपला हक्क नोंदलेला नाही. रस्ता, ओळख आणि हक्क या तीन गोष्टी क्रमाने तपासाव्यात. रस्ता बंद असताना हक्कांची पाने चाळीत बसणे हा निव्वळ वेळेचा अपव्यय होय. आणि मी स्वतः पूर्वी तो कैक वेळा केलेला आहे.

आमचा संदेश पहिल्या प्रकारचा होता, म्हणून रस्त्यापासून आरंभ केला. प्रत्येक संगणकास घरच्या जाळ्यात एक अंकी पत्ता मिळतो. तो पाहण्यासाठी ‘कमांड प्रॉम्प्ट’ ही काळी खिडकी उघडून ‘आयपीकॉन्फिग’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत टंकावा. येणाऱ्या मजकुरात ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’ अशी ओळ असते. खालच्या संगणकाचा पत्ता निघाला १९२.१६८.१.७ आणि माझ्या लॅपटॉपचा १९२.१६८.०.१०४. घरगुती जाळ्यात बहुधा पहिले तीन गट सारखे असावे लागतात. आमचा तिसरा गट निराळा होता : खाली १, वर ०. याचा अर्थ एकाच छपराखाली दोन स्वतंत्र जाळी झाली होती. (पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर प्रकरण आणखी प्राथमिक आहे; त्या संगणकाला राउटरकडून पत्ताच मिळालेला नसतो. तार किंवा वायफायची जोडणी आधी पाहावी.)

दोन जाळी कशी झाली? मंगळवारी आमच्याकडे फायबरची नवी जोडणी आली होती. बसवणाऱ्या कारागिराने खाली आपली नवी पेटी लावली आणि वरच्या मजल्यावरील आमचा जुना राउटर मूळ स्थितीला नेऊन, खालून येणारी तार त्याच्या ‘वॅन’ असे लिहिलेल्या, निराळ्या रंगाच्या छिद्रात खोचली. त्यात त्याची चूक म्हणता येणार नाही. त्याला वर इंटरनेट चालू करून द्यायचे होते आणि ते उत्तम चालूही झाले. परंतु ‘वॅन’मध्ये तार गेली की वरचा राउटर स्वतःला स्वतंत्र घराचा मालक समजतो, आपले पत्ते आपण वाटू लागतो आणि खालच्या जाळ्याला परके मानतो. इंटरनेट दोन्हीकडे सुरळीत चालत असल्यामुळे कोणालाच शंका येत नाही. दुमजली घरांत आणि दुकानाला लागून असलेल्या घरांत ही अडचण फार आढळते. ओळखीच्या तीन घरांत मी स्वतः ती पाहिली आहे.

उपाय सोपा आहे. वरच्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट’ असा पर्याय असेल तर तो निवडावा. मग तो केवळ वायफाय पसरवतो, पत्ते वाटण्याचे काम खालच्या पेटीकडे राहते. असा पर्याय नसेल तर त्या राउटरमधील ‘डीएचसीपी’, म्हणजे पत्ते वाटणारी व्यवस्था, बंद करून तार ‘वॅन’ऐवजी ‘लॅन’च्या छिद्रात लावावी. दोन्ही राउटरांचा स्वतःचा पत्ता एकच नाही ना, तेवढे आधी पाहून घ्यावे. आमच्या राउटरमध्ये पहिला पर्याय होता. तो निवडून लॅपटॉप पुन्हा जोडला, तेव्हा पत्ता आला १९२.१६८.१.१२. तिसरा गट जुळला. पाहुण्यांसाठी वेगळे ‘गेस्ट’ वायफाय ज्यांच्याकडे आहे, त्यांनी आपला संगणक चुकून त्यावर तर नाही ना, तेही बघावे. त्यावरील यंत्रांना घरातील इतर यंत्रे सहसा दिसू दिली जात नाहीत, आणि ते योग्यच आहे.

रस्ता झाला, तरी फोल्डर उघडेना. मी ‘पिंग’ हा शब्द आणि पुढे खालच्या संगणकाचा पत्ता टंकून हाक दिली. उत्तर नाही. येथे अनेकजण फसतात. पिंगला उत्तर आले तर रस्ता नक्की आहे. परंतु उत्तर आले नाही, एवढ्यावरून रस्ता नाही असे ठरत नाही. समोरच्या यंत्राची फायरवॉल ऐकूनही गप्प बसलेली असू शकते. आमचे तसेच झाले होते.

विंडोज प्रत्येक जाळ्याला दोनांपैकी एक प्रकार देते : ‘पब्लिक’ म्हणजे सार्वजनिक, जसे स्थानक किंवा हॉटेल, आणि ‘प्रायव्हेट’ म्हणजे खासगी, जसे आपले घर. सार्वजनिक जाळ्यात संगणक दारे लावून बसतो. राउटर बदलला की विंडोजच्या लेखी ते जाळेच नवे होते, आणि नव्या जाळ्याला सहसा ‘पब्लिक’ हाच शिक्का बसतो. मंगळवारी पेटी बदलली त्या क्षणापासून अण्णांचा संगणक स्वतःच्याच पेढीत बसून आपण स्थानकावर बसलो आहोत असे समजत होता. सेटिंग्जमधील ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ उघडून, चालू जोडणीच्या गुणधर्मांत तो प्रकार ‘प्रायव्हेट’ केला आणि प्रगत शेअरिंगच्या पानावर ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ व ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ हे दोन पर्याय खासगी जाळ्यापुरते चालू आहेत ना, याची खात्री केली. पुन्हा पिंग केले. उत्तर आले. फायरवॉलला हातही लावावा लागला नाही. ज्यांनी वेगळा अँटिव्हायरस घेतला आहे त्यांनी मात्र त्याच्यातही पाहावे. बऱ्याच अँटिव्हायरसांची स्वतःची फायरवॉल असते आणि तिला जाळ्याचा प्रकार निराळा सांगावा लागतो. लॅपटॉपवर कार्यालयाचे व्हीपीएन चालू असेल तर तपासणीपुरते तेही थांबवावे.

एक शंका हमखास विचारली जाते : “नेटवर्क असे लिहिलेल्या खिडकीत पूर्वी सगळे संगणक दिसत, आता रिकामे का?” त्याचे उत्तर थोड्या इतिहासात आहे. विंडोज ७ बरोबर २००९ मध्ये ‘होमग्रुप’ नावाची सोपी योजना आली होती. एका पासवर्डात घरातील सारे संगणक जोडले जात. २०१८ मध्ये विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून ती काढून टाकण्यात आली. त्याच सुमारास एसएमबीची पहिली, फार जुनी आवृत्तीही नव्या विंडोजच्या मूळ मांडणीतून वगळली जाऊ लागली, आणि शेजारचे संगणक दाखवण्याची जुनी पद्धत नेमकी तिच्यावर अवलंबून होती.

ती का वगळली, हे व्यापाऱ्याने विसरू नये. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर विषाणू याच जुन्या एसएमबीतील छिद्रातून जगभर पसरला. दीडशेहून अधिक देशांत तो पोहोचला. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांच्या नियोजित तपासण्या आणि शस्त्रक्रिया खोळंबल्या. ते छिद्र बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी दिली होती. जेथे ती बसवली गेली नव्हती तेथे घात झाला. आजही एखादा कारागीर “एसएमबी वन चालू केले की सगळे दिसेल” असे सांगतो. दिसेल हे खरे, पण ते चालू करू देऊ नये.

शेजारी दिसण्यासाठी आता ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ नावाची सेवा खालच्या संगणकावर चालू असावी लागते. ‘सर्व्हिसेस’ या यादीत ती सापडते. मात्र संगणक यादीत दिसणे आणि तो पोहोचण्याजोगा असणे या दोन निराळ्या बाबी आहेत. यादी रिकामी असली तरी फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि त्यांपुढे संगणकाचे नाव टंकले, तर तो थेट उघडू शकतो. मी तेच करते. शक्यतो नाव टंकावे, अंकी पत्ता नव्हे. कारण पत्ता राउटर वाटतो आणि तो केव्हाही बदलतो. माझ्या पडद्यावरील जुना शॉर्टकट पत्त्यावर बेतलेला होता आणि फायबरची पेटी बदलताच तो निरर्थक झाला होता. त्या रात्रीचा तो तिसरा दोष. तोवर नऊ वाजले होते.

नाव टंकले आणि नवा नकार आला. या वेळी संदेश असा की, तुमच्या संस्थेचे सुरक्षा धोरण अनोळखी पाहुण्यास प्रवेश देत नाही. मला हसू आले. आमची ‘संस्था’ म्हणजे अण्णा, आणि त्यांचे धोरण म्हणजे कोणालाच कुलूप नको! झाले होते असे की, माझा जुना लॅपटॉप दिवाळीत पुतण्याला दिला आणि मी नवा घेतला. त्यावर विंडोज ११ ची २४एच२ ही प्रो आवृत्ती आहे. तिच्यात पासवर्डाविना, पाहुणा म्हणून दुसऱ्या संगणकात शिरण्याची मुभा मुळातच बंद आहे. दोन वर्षे उघडे ठेवलेले आमचे दार आता माझाच लॅपटॉप नाकारीत होता. ती मुभा पुन्हा चालू करण्याचा मार्ग आहे आणि पुतण्याला तो माहीतही होता. मी खाली गेले.

अण्णांच्या संगणकाला पासवर्ड नव्हता. पासवर्ड नसलेल्या खात्याने समोर बसून काम करता येते, परंतु जाळ्यावरून त्या खात्याच्या नावे आत येऊ देण्यास विंडोज नकार देते. पुष्कळ घरांत अडचण येथेच असते. लोक खरे नाव टाकतात, पासवर्डाची जागा रिकामी सोडतात आणि नकार का येतो ते त्यांना उमगत नाही. दुसरी तशीच फसगत पिनची. चार अंकी पिन फक्त त्या यंत्रासमोर बसलेल्यासाठी असतो. जाळ्यावरून तो चालत नाही, मूळ पासवर्डच लागतो.

“अण्णा, पासवर्ड ठेवावा लागेल,” मी म्हटले.

त्यांनी मान वर केली नाही. “घरात घरच्यांपासून कुलूप कशाला, सूनबाई?”

“तिजोरीही घरातच आहे, अण्णा.”

“तिची किल्ली माझ्या कनवटीला असते. तुझा पासवर्ड मी विसरलो तर सकाळी पट्ट्या कोण देणार?”

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. ज्याला रोज पहाटे काम सुरू करायचे आहे त्याच्यावर नवा अडसर लादू नये. म्हणून तोड अशी काढली की अण्णांचे खाते जसेच्या तसे ठेवले आणि त्या संगणकावर ‘पेढी’ या नावाचे दुसरे, साधे खाते फक्त जाळ्यावरील वापरासाठी उघडले. सेटिंग्जमधील ‘अकाउंट्स’मध्ये, इतर व्यक्ती जोडण्याच्या पानावर, मायक्रोसॉफ्ट खात्याविना वापरकर्ता जोडण्याचा पर्याय असतो, तो घ्यावा. त्याला भक्कम पासवर्ड दिला. अण्णांना बदल एवढाच की संगणक सुरू करताना आता दोन नावे दिसतात आणि आपल्या नावावर एकदा टिचकी मारावी लागते. ती त्यांनी मान्य केली. मग प्रगत शेअरिंगमध्ये पासवर्डाने संरक्षित शेअरिंग चालू केले, वर येऊन ‘पेढी’ हे नाव व पासवर्ड दिला आणि फोल्डरांची यादी उघडली. जुना चुकीचा पासवर्ड लॅपटॉपने लक्षात ठेवलेला असेल तर तोच तो पुन्हा पुन्हा पुढे करीत राहतो. अशा वेळी कंट्रोल पॅनेलमधील ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मधून ती नोंद पुसावी आणि लॅपटॉप एकदा बंद करून चालू करावा.

आता उरला हक्क. येथे तांत्रिक बाब छोटी आणि घरगुती बाब मोठी होती. तांत्रिक बाब अशी की प्रत्येक सामाईक फोल्डरवर हक्कांच्या दोन याद्या असतात, एक ‘शेअरिंग’ या पानावर आणि एक ‘सिक्युरिटी’ या पानावर. दोन्हींपैकी जी अधिक कडक, ती लागू होते. मी शेअरिंगमध्ये बदलाचा हक्क दिला, पण सिक्युरिटीमध्ये ‘पेढी’ला केवळ वाचनाचा होता, परिणामी खतावणी दिसे, पण नोंद जतन होईना. दोन्हीकडे सारखा हक्क दिल्यावर ते सुटले. सामाईक फोल्डर डेस्कटॉपवर ठेवू नये, असेही माझे मत आहे. डी ड्राइव्हवर स्वतंत्र जागा करावी. डेस्कटॉप हा त्या व्यक्तीच्या खासगी खात्याचा भाग असतो आणि कित्येकदा तो वनड्राइव्हकडे वळवलेला असतो. मग हक्कांचा गुंता वाढतो.

घरगुती बाब अशी. भाऊजींची, म्हणजे धाकट्या दिरांची, वाहतुकीची वेगळी फर्म आहे आणि तिचे हिशोबही त्याच खालच्या संगणकावर असतात. ‘एव्हरीवन’च्या त्या दोन वर्षांत ते फोल्डर मला दिसत होते. मी ते कधी उघडले नाही. पण मला दिसते हे त्यांना माहीत होते, आणि त्यांना माहीत आहे हे मलाही माहीत होते. त्यावर कोणी कधी अवाक्षर काढले नव्हते. एकत्र कुटुंबात अशा न बोललेल्या गोष्टी किती साठून राहतात हे वाचकांना वेगळे सांगायला नको. त्या रात्री भाऊजींना खाली बोलावले आणि कागद पुढे ठेवून विचारले की कोणते फोल्डर कोणासाठी. त्यांनी आपल्या फर्मच्या फोल्डरावरून माझे, म्हणजे ‘पेढी’चे नाव काढले आणि लगेच म्हणाले, “वहिनी, राग नाही ना?” मला खरोखर हायसे वाटले होते. हिशोबाच्या प्रोग्रामचे फोल्डर लिहिण्याच्या हक्कासह मला आणि यजमानांना दिले. मागील वर्षांच्या वह्या सर्वांना केवळ वाचण्यासाठी. बिलांचे स्कॅन ठेवण्याचे फोल्डर सर्वांना खुले. पुतण्याला त्याच्या प्रकल्पासाठी एक वेगळी जागा, आणि ‘उधारी’ त्याच्या यादीतून गायब. तो स्वतःच म्हणाला, “बरं झालं, काकू.”

किरकोळ गोष्टी दोन-तीन राहतात. खालचा संगणक काही वेळाने झोपी जात असेल तर तो जाळ्यावरून दिसेनासा होतो. ‘पॉवर’च्या सेटिंगमध्ये, विजेवर असताना ‘स्लीप’ कधीही नको, असे ठेवावे. हिशोबाचा प्रोग्राम जाळ्यावरून चालवायचा असेल तर निदान खालचा संगणक तारेने राउटरला जोडावा. लिहिण्याच्या ऐन क्षणी वायफाय तुटले तर फाइल अर्धवट राहून बिघडू शकते. आमच्या खालच्या संगणकावर अजून विंडोज १० आहे आणि तिचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे, तेव्हा तो बदलण्याचे लांबवता येणार नाही. अण्णांना ते पटवणे हे पुढचे काम.

आणि राखीव प्रत. सामाईक फोल्डर म्हणजे राखीव प्रत, असा एक गैरसमज आढळतो. एका लॅपटॉपमध्ये खंडणीखोर विषाणू शिरला तर ज्या सामाईक फोल्डरांत त्याला लिहिता येते, तीही तो कुलूपबंद करू शकतो. म्हणून आम्ही दर संध्याकाळी एका बाह्य हार्ड डिस्कवर प्रत घेतो आणि ती डिस्क संगणकापासून काढून कपाटात ठेवतो. जोडून ठेवलेली डिस्क त्या हल्ल्यात तितकीच उघडी असते. ११ दिवसांची चूक एकदा पुरे झाली.

आकडे ताडून विवरणपत्र भरले तेव्हा रात्रीचे बारा वाजून चाळीस मिनिटे झाली होती. दिवा दिसला म्हणून खाली गेले. अण्णांची शेवटची पट्टी छापून झाली होती. त्यांनी कच्ची वही उघडली, त्या दिवसाच्या सौद्यांखाली एक रेघ ओढली आणि खाली लिहिले : ‘वरच्या मजल्यास खतावणी दिली.’ शेजारी वेळ घातली आणि मला विचारले, “त्या पासवर्डाचा कागद कुठे ठेवलास?” मी तो त्यांच्या हाती दिला. त्यांनी कनवटीची किल्ली काढून तिजोरी उघडली.